दिवाळीतला समुद्र

चिटणीस मॅडमना जेवायला बोलवायचं धाडस इंदूरच्या राजेंद्र नगरात फार थोड्यांनी केलं आणि दुसऱ्यांदा कुणीच केलं नाही. आमच्या शेजारच्या कर्णिकांनी केलं, त्या दिवशी मीही तिथे होतो. त्यांचा नवा जावई आला होता, किनाऱ्यावरून बर्फाच्या पेटीत आलेली पापलेटं वशिल्यानं मिळाली होती, आणि समुद्रातल्या माशांवर आयुष्य घालवलेली बाई दोन घरं सोडून राहत असताना तिला बोलवायचं नाही हे कर्णिक काकूंना बरं दिसेना. मी जोशी असल्यामुळे माझ्यासाठी बटाट्याची भाजी होती.

जावयाच्या पानात अख्खं पापलेट वाढलं गेलं. मॅडमनी वाकून आपलं बोट त्याच्या शेजारी आडवं धरलं. आपल्या बोटाची लांबी त्यांना पाठ होती, त्यामुळे पर्समधली पट्टी काढावी लागायची नाही.

"पिल्लू आहे," त्या जावयाला म्हणाल्या.

"अहो मॅडम, तो मासळीवाला भिया तर बोलला फर्स्ट क्लास माल आहे," काकू घाईघाईनं म्हणाल्या.

"माल फर्स्ट क्लासच आहे. मोठं व्हायला याला अजून एक वर्ष पाहिजे होतं, एवढंच. अंड्यांची गाबोळी म्हणजे काय ते याच्या पोटाला कधी कळलंच नाही. हं, जेवा जावईबापू, गार होतंय."

जावई बिचारा भातावर सोलकढी ओतून बसला. मॅडमनी मात्र आपल्या पानातलं पापलेट काट्यापर्यंत साफ केलं, आणि जावयानं न खाल्लेलंही मागून घेतलं. मारून वर टाकून देणं हा दुसरा गुन्हा, असं त्यांचं म्हणणं. कर्णिक काकू त्या दिवसापासून मॅडमच्या घरावरून जाताना पदर सावरून पुढे बघत जात.

आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत आणि मी इतिहास. इंदूरमध्ये राहून समुद्री माशांचं शास्त्र शिकवणारी बाई म्हटल्यावर लोक हसत. हसणाऱ्याला त्या थंडपणे सांगत, "किनाऱ्यावरचा माणूस समुद्राकडे बघत नाही, बाजारभावाकडे बघतो. इंदूरचा बघू शकतो, कारण त्याला तिथून काही उचलायचं नसतं." हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास बसला होता. ठेंगणी, काटक बाई. सुती साडी कमरेला खोचलेली, चष्म्याच्या काचेवर नेहमी एखादं वाळलेलं खवलं चिकटलेलं, आणि पर्समध्ये कंगव्याच्या जागी स्टीलची फूटपट्टी. मुलं त्यांना 'चाकू मैडम' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

तोंडी परीक्षेला त्यांचे तीनच प्रश्न असत. हा मासा काय खातो? याला कोण खातं? आणि या दोघांच्या मधे तू कुठे बसलायस? पहिल्या दोन्हींची उत्तरं मुलं पाठ करून येत. तिसऱ्याला गडबडत. मॅडमचं सगळं शास्त्र त्या तिसऱ्या प्रश्नात होतं. सुरमई किती उरल्या ते मोजून सुरमईचा कोटा ठरवणं त्यांना अडाणीपणा वाटे. सुरमई तारली नावाची लहान मासळी खाते. ती तारली तुम्ही खतासाठी आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी उपसून नेलीत, तर सुरमईला हात न लावताही तुम्ही तिला मारलंत. म्हणून एका माशाचा विचार करायचा नाही, सगळ्या पाण्याचा करायचा. कोण कुणाच्या जिवावर जगतो ते बघायचं, आणि माणसानं आपला हात घालण्याआधी समुद्राचा वाटा बाजूला काढायचा. हे सांगताना त्यांचा आवाज मऊ होई. माणसांविषयी बोलताना तो तसा झालेला मी ऐकला नाही.

देवासच्या एका मुलाची गोष्ट सांगतो. प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याच्या टाक्या होत्या, आणि कोणत्या माशानं किती खाल्लं याची नोंद तो रोज सकाळी करत असे. त्याचे वडील अचानक गेले. कॉलेजातून स्मशानात पोचलेल्या शिक्षक एकट्या चिटणीस मॅडम. भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, मुलाच्या आईच्या हातात हात घालून तिला रिक्षापर्यंत घेऊन गेल्या. पुढे त्यांनी त्या मुलाच्या नोंदी तपासल्या, तर त्या दिवशीची सकाळची नोंद व्यवस्थित भरलेली होती.

"त्या सकाळी तू घाटावर होतास," त्या सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. "मी तुला बघितलंय."

"मैडम, एक ही दिन खाली रह गया था... अच्छा नहीं लग रहा था."

"वडील गेले त्याचं मला वाईट वाटतं. तो दिवस मोकळा ठेवला असतास तर मी वर सही केली असती. भरलास, म्हणून आता बाकीच्या दिवसांवरही माझा विश्वास नाही."

त्याचं वर्ष गेलं. मी त्यांना स्टाफरूममध्ये म्हणालो की हे फार झालं. त्या पोह्यांवरची शेव बाजूला काढत म्हणाल्या, "जोशी, तुमच्या इतिहासात चालतं." मला त्या आवडत होत्या असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या आसपास असलं की आपण वाक्य बोलण्याआधी एकदा तपासून घेतो, एवढा परिणाम होई, आणि तो वाईट नव्हता.

त्यांचा समुद्र म्हणजे कोकणातला एक लहानसा उपसागर. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांचं पुरेसं नुकसान झालेलं आहे. मॅडम दर वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात. मे महिन्यात पेपर तपासायचे, हिवाळ्यात परीक्षा आणि तपासणी समित्या, म्हणून जायचं ते दिवाळीच्या सुट्टीत. धनत्रयोदशीला निघायचं आणि भाऊबीज आटोपेपर्यंत परतायचं. सहलीबरोबर दोन शिक्षक हवेत असा कॉलेजचा नियम, आणि मी सडाफटिंग, म्हणून दुसरा शिक्षक कायमचा मी. गावातले लोक संध्याकाळी रापण लावत, म्हणजे भलं लांब जाळं होडीतून अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांना पंचवीस-तीस माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं. वर आलेला प्रत्येक मासा आमची मुलं मोजत, पोट फाडून काय खाल्लंय ते बघत. मी चकल्यांचा डबा सांभाळत असे.

एका वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलींनी वाळूत चार पणत्या लावल्या. घरापासून लांब आलेल्या पोरी, त्यातली एक हळूच रडतही होती. मॅडम तरातरा आल्या आणि चपलेनं वाळू लोटून चारही पणत्या विझवल्या.

"मासे उजेडाला येतात. जाळ्यात काय येईल ते तुमची पणती ठरवणार का?"

"मैडम, पूजा है आज."

"पूजा घरी. इथे तारीख सांगायची, तिथी भटजींना सांगा."

मॅडमच्या घरात पंचांग नव्हतं. त्यांचे वडील कट्टर सुधारक होते, आणि हा एकच वारसा त्यांनी जिवापाड जपला होता. नोंदींत इंग्रजी तारखा असत. कधी ऑक्टोबरचा मध्य, कधी शेवट, कधी नोव्हेंबर. तारखा अशा वेगवेगळ्या पडतात आणि भरतीची उंची मात्र दर वर्षी सारखी मिळते, याचं त्यांना कौतुक होतं.

या सगळ्यातून त्यांचा मोठा शोधनिबंध तयार झाला. या उपसागरात आता फक्त पिल्लं उरली आहेत. मोठे, अंडी देणारे मासे संपले. रापण ओढणं म्हणजे बालवाडीवर धाड घालणं आहे. तेव्हा दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, म्हणजे रापणीच्या सगळ्या हंगामात, इथे कोणतंही जाळं पडू नये. निबंध गाजला. सरकारी समितीवर त्यांना घेतलं, आणि समुद्राशी काही देणंघेणं नसलेल्या गावची बाई म्हणून त्यांचं मत निःपक्षपाती ठरलं. बंदीचा आदेश निघाला. गावातले लोक मोर्चा घेऊन आले होते, त्यांना मॅडम म्हणाल्या, "पाच वर्षं कळ काढा, तुमचे नातू मला दुवा देतील." त्या वर्षापासून आमच्या सहलीसाठी रापण ओढायला गावातून माणूस मिळेना, तेव्हा अभ्यासापुरत्या परवानगीवर मुलांनीच छोटं जाळं ओढायला सुरुवात केली. मासा तोच येई, वीतभर आणि वीतभराच्या आतला.

मेघना सुर्वे ही मॅडमची शेवटची विद्यार्थिनी. छत्रीबागेतल्या एका अरुंद गल्लीत घर, वडिलांची गिरणी कधीच बंद पडलेली, आई साड्यांना फॉल लावून घर चालवणारी. पोरगी हुशार आणि हट्टी. मॅडमसारखीच साडी नाही पण ओढणी कमरेला बांधे, आणि त्यांच्यासारखंच बोट आडवं धरून बघे. त्यांच्याकडे पीएच.डी. करताना तिनं अनेक दिवाळ्या त्या किनाऱ्यावर काढल्या होत्या. प्रबंध लिहून होत आला होता. सरकारी कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा निघाल्या होत्या, तिचं वय मर्यादेच्या काठावर होतं, आणि मुलाखतीच्या आधी पदवी हातात पडली तरच ती जागा तिची होती. छत्रीबागेत त्या घरात सगळे प्रबंधावरच्या मॅडमच्या या एका सहीची वाट बघत होते.

आणि त्याच वेळी तिची आई कुरकुरली. "किती वर्षं झाली, लक्ष्मीपूजनाला घरची पोरगी घरात नाही. भर अमावस्येला पानी के किनारे." मेघना जेवत होती. ती पानावरून उठली आणि हात न धुताच आपल्या तारखा घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती आधी माझ्याकडे आली, कारण मी किनाऱ्यावर बरोबर असायचो. मी तिला सरळ सांगितलं, "आत्ता गप्प बस. सही घे, नोकरी घे, मग काय ते सांग."

"सर, मॅडमना नंतर पता चललं की मला आधीच माहीत होतं, तर?"

"तर काय? तोवर तू पगार घेत असशील."

"नाही सर. त्या समझतील. दुसरं कोणी नाही, पण त्या समझतील." तिच्या चेहऱ्यावर जो विश्वास होता तो बघून मला तिची दया आली.

स्टाफरूममध्ये मॅडम पेपर तपासत होत्या. मेघना समोर उभी राहिली.

"मॅडम, आपण जेव्हा-जेव्हा जाळं टाकलं ना, ते सगळे दिवस अमावस्येचे होते. आगे-पीछे एक-दोन दिवस. चांदनी रात एक पण नाही."

"तारखा वेगवेगळ्या आहेत."

"तारखा वेगळ्या आहेत, मॅडम. चाँद एकच आहे. दिवाळी आहे ना ती."

"भरती सारखी आहे."

"भरती तर पौर्णिमेला पण तेवढीच चढते."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. ज्या बाईनं पणतीचा उजेड मासे हलवतो म्हणून पोरींच्या पूजेवर वाळू लोटली होती, तिनं आभाळातला दिवा इतकी वर्षं हिशेबात धरलाच नव्हता. काळोख्या रात्री लहान मासे काठाशी चढतात, हे त्या स्वतःच वर्गात शिकवत असत. मोठे मासे संपले होते की फक्त त्या काळोखात काठाशी येत नव्हते, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यावर एका गावाची चूल विझवलेली होती.

"कुणाला सांगितलंस?"

"आईला. आणि जोशी सरांना."

"बरं. आता हे खोटं ठरवायचा प्रयत्न करू. नाही ठरलं, तर खरं." आणि त्यांनी पुन्हा पेपर ओढला. मेघना बाहेर आली ती हसत. "बोलली होती ना सर?" ती म्हणाली.

त्रिपुरी पौर्णिमेला एकदाच रापण लावायची खास परवानगी मॅडमनी मिळवली. ओढायला माणसं लागणार होती, म्हणून त्या गावात घरोघर फिरल्या. लोक आले ते त्यांच्यासाठी नव्हे. इतक्या वर्षांनी दोराला हात लावायला मिळणार म्हणून आले. पण जुन्यांतले अर्धेच उरले होते. बाकीचे कुणी मोठ्या ट्रॉलरवर मजुरीला गेलेले, कुणी गोव्यात हॉटेलात भांडी घासणारे. त्यामुळे बायकाही दोराला लागल्या. चंद्र माडांच्या वर आला आणि जाळं हळूहळू वाळूवर चढलं.

त्यात रावस होते, हातभर लांबीचे. तांबोशी होत्या. मेघनानं एका रावसाचं पोट दाबून बघितलं आणि ती मॅडमकडे वळली. गाबोळीनं ते टम्म फुगलं होतं. मॅडमनी वाकून स्वतः मोजलं, दुसरा मोजला, तिसरा मोजला. लोक गोल करून उभे होते. एवढा मासा एका ओढीत त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. एका बाईनं घरून टोपली आणली होती, ती तिनं पुढे सरकवली.

"परत सोडा," मॅडम म्हणाल्या. "जिवंत आहेत तोवर. परवानगी मोजण्याची आहे, नेण्याची नाही."

मला वाटलं, आता हे लोक हिला पाण्यात लोटणार. मी स्वतः लोटलं असतं. पण त्यांनी मुकाट्यानं मासे उचलून पाण्यात सोडले, मोठमोठे चमकते मासे, ज्यांतला एकेक त्यांच्या घरातल्या आठवड्याच्या बाजाराइतका होता. टोपलीवाली बाई टोपली उलटी करून तिच्यावर बसली.

मग मॅडमनी त्यांना सांगितलं. फिरवून नाही, सजवून नाही. मी चूक केली, मी फक्त काळोख्या रात्री बघत होते, तुमच्या समुद्रात मोठा मासा आहे, बंदी घालायचं कारण नव्हतं.

टोपलीवाली म्हणाली, "होडी इकली आमी. आता सांगतंस?"

"हो. आता कळलं."

"माफी तरी माग."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "माफी मागितली की ती द्यायची की नाही याचा विचार तुम्हाला करावा लागतो. माझ्या चुकीपायी तुम्हाला अजून एक काम का लावू? तुम्हाला शिव्या द्यायच्या असतील तर मी इथे बसते."

आणि त्या खरंच वाळूत बसल्या. बायकांनी एकेक करून शिव्या दिल्या. मॅडम प्रत्येकीकडे बघून ऐकत होत्या. मेघना त्यांच्या मागे उभी राहून रडत होती. त्या क्षणी मला त्या बाईचा इतका आदर वाटला आणि इतका संतापही आला की मी उठून लांब चालत गेलो.

इंदूरला परतल्यावर मॅडमनी शोधनिबंध मागे घेतला. समितीला कळवलं, ज्या नियतकालिकात तो छापून आला होता त्यांना कळवलं, आपल्या वर्गात फळ्यावर आपल्याच आकृतीवर फुली मारून चूक कुठे आहे ते मुलांना शोधायला लावलं. कॉलेजच्या व्यवस्थापनाला त्यांचं हे वागणं अजिबात आवडलं नाही. त्यांच्या नावावर कॉलेजनं जाहिराती केल्या होत्या. सरकारला त्याहून कमी आवडलं. आदेश काढायला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या कितीतरी पट तो मागे घ्यायला लागला. उपसागर उघडला तेव्हा रापण ओढायला गावात पुरेसे हात नव्हते.

मेघना सहीसाठी गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होतो. तिनंच बोलावलं होतं, पेढे घेऊन गेली होती. मॅडमनी तिला बसायला सांगितलं, पंखा वाढवला. मी त्यांना कुणासाठी पंखा वाढवताना पहिल्यांदाच बघत होतो.

"मेघना, चूक तू शोधलीस. हे मी सगळीकडे लिहिलंय."

"हो मॅडम, वाचलं मी. थँक यू."

"तुझ्या प्रबंधातले मासे कधी पकडलेले आहेत?"

तिला लगेच कळलं नाही. मला कळलं.

"आपल्या... दिवाळीच्या ट्रिप्समध्ये, मॅडम."

"म्हणजे त्याच अमावास्यांचे. चूक तू शोधलीस म्हणून तुझे मासे चांदण्यातले होत नाहीत. मी माझा निबंध मागे घेतला, तोच समुद्र तुझ्या प्रबंधात आहे. त्यावर मी सही कशी करू?"

"पण मॅडम, एक चाप्टर नवीन टाकते ना, पौर्णिमेचा. एक महीना द्या फक्त."

"एका पौर्णिमेचा?"

"मॅडम, इंटरव्ह्यू आहे माझा. नंतर उमर निघून जाईल. आईने सगळ्यांना बोलून ठेवलंय."

"माहीत आहे मला."

"मी नसतं बोललं तर तुम्ही साइन केली असती ना?"

"केली असती," मॅडम म्हणाल्या. "आणि ती चुकीची सही झाली असती."

मी मध्ये पडलो. अद्वातद्वा बोललो, ते इथे लिहीत नाही. मॅडमनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "जोशी, यातलं काय चुकीचं आहे ते सांगा. वाईट काय आहे ते मला कळतंय." मला सांगता आलं नाही. आजही येत नाही, आणि म्हणूनच मी त्यांना कधी मनातून माफ केलं नाही. मेघनानं पेढ्यांचा बॉक्स टेबलावरच ठेवला आणि ती निघून गेली. मुलाखतीला ती गेलीच नाही. पुढे कळलं की भंवरकुआच्या एका कोचिंग क्लासमध्ये ती डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचं जीवशास्त्र शिकवते.

त्यानंतर मॅडम निवृत्त झाल्या आणि राजेंद्र नगरातून दिसेनाशा झाल्या. कधीमधी काळवंडून यायच्या, आठ-दहा दिवस राहायच्या, पुन्हा जायच्या. गुडघे कामातून गेले होते, काठी आली होती. कुणी म्हणे मुंबईला बहिणीकडे जातात, कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झालाय. दोनेक वर्षं अशी गेल्यावर एका संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या.

"स्कूटर काढा, जोशी. भंवरकुआला जायचंय."

क्लास तिसऱ्या मजल्यावर होता, जिना अरुंद. मॅडम एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढल्या. मेघना वर्गातून बाहेर आली, हातावर खडूची पूड. जाड झाली होती, चष्मा लागला होता. आम्हाला बघून ती थबकली, मग रीतीप्रमाणे वाकून दोघांच्या पाया पडली.

मॅडमनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि तिथल्याच बाकावर उघडला. दोन वर्षं मॅडम कोकणातल्या त्याच गावात होत्या. टोपलीवालीच्या पडवीत खोली घेऊन राहिल्या होत्या. पौर्णिमा, अष्टमी, अमावास्या, सगळ्या तिथींचे मासे तिथे होते. गावातल्या बायकांना दोराला लावून रापण ओढली होती, स्वतः वाळूत बसून मोजलं होतं.

"घे," त्या म्हणाल्या. "यावर लिही. विद्यापीठाशी बोलले आहे, पुन्हा नोंदणी होते. सही करणारा दुसरा माणूसही शोधलाय, माझी लागणार नाही."

मेघना बाकावर बसली आणि बघू लागली. घाईनं नाही. एकेक पान खाली सरकवत, मधेच मागे जात. आतून मुलांचा गलका येत होता. मॅडम काठीवर दोन्ही हात ठेवून तिच्यासमोर उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणायचं मला सुचलं नाही, आणि तिनंही म्हटलं नाही.

"अच्छा डेटा आहे," शेवटी मेघना म्हणाली. "एकदम साफ आहे, मॅडम."

"हो."

"पण माझा नाहीये."

"तुझ्यासाठीच जमवलाय."

"तेच तर. मी एक पण मासा पकडला नाही यातला. माझं नाव टाकलं तर ते झूठ होईल." तिनं लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी परत दिला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मग मी याचं काय करू?" मॅडमनी विचारलं. उत्तर माहीत नसलेला प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेला मी कधी ऐकला नव्हता.

"ते मला कसं माहीत असेल, मॅडम? माझी बॅच वेट करतेय." ती आत गेली आणि दार लावून घेतलं. दाराच्या काचेतून ती फळ्यावर माशाच्या हृदयाचे कप्पे काढताना दिसत होती.

मॅडमनी लॅपटॉप पिशवीत घातला. मग जिना उतरायला लागल्या, एक हात कठड्यावर, एक काठीवर, लॅपटॉपची पिशवी गळ्यात. दुसऱ्या मजल्यावर थांबून त्यांनी श्वास घेतला.

"बरोबर बोलली," त्या म्हणाल्या. "एकही चूक नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी तरी हे खोडून काढावं म्हणून त्या वाट बघत आहेत हे मला स्पष्ट कळलं.

"एकही नाही, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पायरीसाठी काठी खाली टेकवली.